घडवंचीखालची नसवाली

माझ्या घरमालकांच्या दारावर एक पाटी टांगलेली असायची. लाकडी चौकटीची, शाळेतली. खोली बघायला मी पहिल्यांदा पवनीत त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले तेव्हा तिच्यावर लिहिलं होतं, 'आज दुपारी १ ते ३ झोपणार आहे. दार वाजवू नये. आग लागल्यास वाजवावे.' तेव्हा वाजले होते पावणेदोन. सिहोऱ्याच्या बाजूच्या आमच्या गावाहून मी सकाळपासून बस बदलत आलेली, हातात बॅग, डोक्यावर ऊन, आणि आग कुठे लागलेली दिसत नव्हती, माझ्या डोक्यात सोडून. मी स्वभावानं तापट, घरी मला मिरचीच म्हणतात. पण गाव नवं, दवाखान्यातली नर्सची नोकरी नवी, म्हणून गुपचूप पायरीवर बसून राहिले. बरोबर तीनला दार उघडलं. एक उंच, हाडकुळा म्हातारा, अंगात बनियन आणि खाली खाकी फुलपँट. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "वाचता येते वाटते तुले." एवढ्यावर मला खोली मिळाली. माझ्याआधी तिघांनी दार वाजवलं होतं आणि त्या तिघांनाही मिळाली नव्हती, हे मला नंतर शेजारच्या काकूंनी सांगितलं.

गल्लीत त्यांना सगळे नहरवाले म्हणत. मी काका म्हणायची. उभी नोकरी त्यांनी नहरेवर, म्हणजे कालव्यावर, काढलेली. गेट उघडायचं, पाणी सोडायचं, बंद करायचं. पाणी सोडायच्या आधी खालच्या गावांना कळवायचं आणि ज्याला कळवलं त्यानं कागदावर 'कळले' असं लिहून सही करायची, अशी रीत होती म्हणे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या हातून एका गावाला कळवायचं राहून गेलं. तिथे धान कापून झाला होता, कापलेल्याचा कडपा शेतात, बांधीतच वाळत पडला होता, आणि सकाळी पाणी आलं. जिचा कडपा भिजला ती बाई बांधाच्या धुऱ्यावर बसून नुसती पाण्याकडे बघत राहिली, एक शब्द बोलली नाही. काका म्हणायचे, तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी विसरून गेलो असतो.

तेव्हापासून हा माणूस आधी कळवल्याशिवाय काही म्हणजे काही करत नसे. उद्या टाकी धुणार. परवा नदीवर जाणार. रविवारी कुलर काढणार. सगळं पाटीवर यायचं, आणि खाली मी, म्हणजे त्यांची एकुलती एक भाडेकरू, 'कळले' लिहायचं. 'शनिवारी दाढी करणार नाही' याच्याखालीसुद्धा मी इमानदारीत 'कळले' लिहिलेलं आहे. एकदा मी ड्यूटीवरून वैतागून आले होते, तर 'मग मी काय करू?' असं लिहिलं. त्यांनी पाटी पुसली, तेच वाक्य पुन्हा तसंच लिहिलं आणि खाली जागा सोडून ठेवली. दुसऱ्या दिवशी मुकाट 'कळले' लिहून मोकळी झाले. म्हाताऱ्याशी कोण डोकं लावणार?

आता झाडाबद्दल. त्यांच्या मधल्या खोलीत माठाची घडवंची होती, लाकडाची, तीन माठांची. तिच्याखालची फरशी बारा महिने ओलसर असायची. उत्तरेच्या खिडकीतून तिथे उजेड पोचायचा, ऊन कधीच नाही. त्या जागेवर एक पितळी परात, परातीत वैनगंगेतले गुळगुळीत गोटे, गोट्यांत बोटभर पाणी आणि गोट्यांच्या वर, पाण्याला न शिवता, चहाच्या कपाएवढी कुंडी. कुंडीत टीचभर झाड. पानं अंगठ्याच्या नखाहून जरा मोठी, हिरवी, आणि प्रत्येक पानावर गुलाबी शिरांची जाळी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मनात आलं, असे हात पेशंटचे असते तर सुई लावायला किती सोपं झालं असतं. झाडाचं नाव फिटोनिया. काका त्याला नसवाली म्हणत. कुंडीत लावलेलं त्या घरात तेवढं एकच होतं.

मला राहायला जाऊन आठ दिवस झाले असतील. दुपारी पाणी प्यायला मधल्या खोलीत गेले तर नसवाली आडवी पडलेली. सगळी पानं कुंडीच्या काठावरून खाली लोळत होती. आणि हे महाराज समोर खुर्ची टाकून, मांडीवर हात ठेवून, घड्याळाकडे बघत बसलेले. मी म्हटलं काका, झाड मेलं ना तुमचं. तर म्हणाले, मेलं नाही, पाणी मागून राहिलं. मी म्हटलं मग द्या ना. तर हात वर करून मला थांबवलं. माझा असा संताप झाला की विचारू नका. पेशंट बेशुद्ध पडलाय आणि डॉक्टर घड्याळ बघतोय! पण त्यांनी उठून कुंडी तळहातावर घेतली, तोलली, मान हलवली आणि कान तुटलेल्या कपानं हळूहळू पाणी घातलं, खालून निथळेपर्यंत. निथळलेलं टाकून दिलं आणि कुंडी परत गोट्यांवर ठेवली. तासाभरात ते झाड उठून बसलं. मी ते डोळ्यांनी बघितलं. एकेक पान वर येत होतं, आणि मी पाणी प्यायचं विसरून तिथेच उभी होते.

"मांगितल्याशिवाय द्याचं नाही, अन् मांगितल्यावर थांबाचं नाही," काका म्हणाले. "नहरेवर एवढंच शिकलो मी."

तोपर्यंत त्यांच्याकडून मी ऐकलेलं झाडाबद्दलचं हे सगळ्यात लांब भाषण. पण ते पडेपर्यंत थांबायचं कशाला, हे मी विचारलंच. तेव्हा कबूल केलं की खरं तर पडायच्या आधीच कुंडी हलकी लागते, तेव्हाच द्यायला पाहिजे, आज मीच चुकलो. चुकले होते म्हणून घड्याळ बघून हिशेब लावत होते, किती वेळ तहानेली राहिली त्याचा. असा माणूस.

ही नसवाली आली कुठून, ते शेजारच्या काकूंनी सांगितलं. काकांची बायको वारलेली, मुलगी एकच, पुण्याला नोकरीला. तिनं तिथे आपल्या मनानं लग्न केलं. मुलगा चांगला होता, काकांची ना असायचं काही कारण नव्हतं. पण तिनं सांगितलं ते लग्न झाल्यावर. आयुष्यभर अख्ख्या मुलखाला आधी कळवणारा बाप, आणि त्याच्याच पोरीनं पाणी सोडून दिल्यावर निरोप धाडला! ती नवऱ्याला घेऊन भेटायला आली तेव्हा कागदी चहाच्या ग्लासात हे रोप घेऊन आली होती. काकांनी दोघांना जेवू घातलं, पाहुणचार केला, पण तिच्याशी बोलले नाहीत. ती गेली, रोप राहिलं. सहा वर्षं बाप लेकीशी बोलला नाही आणि सहा वर्षं एक रात्र घराबाहेर काढली नाही. का, तर नसवालीला कोण बघेल. लोक हसत. मीही हसत होते.

मग एका फेब्रुवारीत सकाळी काका मोबाईल घेऊन माझ्या दारात आले. चष्मा लावलेला होता, तरी म्हणाले, अक्षर लागत नाही, वाच. मुलीचा मेसेज होता, 'बाबा, मे महिन्यात मला बाळ होणार आहे. आधी कळवत आहे.' त्यांनी मला तो तीनदा वाचायला लावला. मग म्हणाले, लिही, 'कळले.' मी लिहिलं, पाठवलं. पलीकडून लगेच आलं, 'तुम्ही याल?' तेव्हा म्हातारा घडवंचीखाली बघायला लागला.

मला तेव्हा जे कळलं ते कळलं. हा माणूस जाण्यासाठी तडफडत होता आणि न जाण्यासाठी त्याच्याकडे टीचभर कारण होतं. मी म्हटलं, मी सांभाळते. ते म्हणाले, तुले जमाचं नाही. मी म्हटलं काहून जी, मी माणसं सांभाळते, हे तर झाड आहे. ते म्हणाले, धानवाल्याची पोरगी हाय तू. मला ते लागलं. आमच्या बापजाद्यांनी चार बांध्या पिकवल्या, धानाच्या रोवणीला मी कंबरेतून वाकलेली, आणि हा मला सांगतो जमायचं नाही!

परीक्षा घेतली माझी त्यांनी. महिनाभर. रोज ड्यूटीवर जायच्या आधी डोळे मिटून तळहात पुढे करायचा, ते त्यावर कुंडी ठेवणार आणि मी सांगायचं, द्यायचं की थांबायचं. पहिले आठ दिवस मी रोज 'द्या' म्हणायची. रोज चुकायची. मला वाटायचं, रोप आहे तर पाणी पाहिजेच. हळूहळू हाताला कळायला लागलं. कुलर चालला तरी त्याचं वारं झाडाच्या अंगावर जाऊ द्यायचं नाही, हवा फक्त गार राहिली पाहिजे. खिडकीला बारदाना ओला करून लावायचा. शेंडे वाढले की खुडायचे, म्हणजे झाड उंच न होता भरतं. आणि सगळ्यात शेवटी, रोज, न चुकता : पाण्याजवळ ठेवाचं, पाण्यात नाही. मी हो जी, हो जी म्हणायची. मनात म्हणायची, कितीदा सांगाल.

मेच्या मध्याला ते गेले. पाटीवर लिहून गेले, 'पुण्याला जात आहे. परत केव्हा, ते कळवीन.' मी खाली 'कळले' लिहिलं. चार दिवसांनी नात झाली. रोज सकाळी सातला काकांचा फोन यायचा. आधी विचारायचे, "काय म्हणते?" म्हणजे नसवाली. मी सांगायची मजेत आहे. मग नातीबद्दल सांगायचे, किती झोपली, कशी शिंकली, नख केवढं आहे. मागून मुलीचा आवाज यायचा, बाबा टोपी घाला तिला. सहा वर्षं न बोललेली माणसं टोपीवरून भांडत होती. मला इकडे गुदगुल्या व्हायच्या.

आणि मेअखेरचा नवतपा लागला. भंडाऱ्याकडच्यांना सांगायला नको, ते नऊ दिवस काय असतात. दवाखान्यात उष्माघाताचे पेशंट, एक सिस्टर सुट्टीवर, मला दोन-दोन ड्यूट्या. एका दुपारी धावतपळत घरी आले तर नसवाली आडवी. पाणी घातलं, पळाले. संध्याकाळी येऊन बघते तर तशीच. मी म्हटलं, बिचारी दिवसभर तहानेली राहते. कुंडी हातात घेतली असती तर कळलं असतं की ती जड आहे, तहान नाहीच, उकाड्यानं मान टाकली आहे. पण हातात घ्यायला मला वेळ होता कुठे? मी केलं ते आमच्याकडे कोणीही केलं असतं. रोवणी झाल्यावर धानाचं रोप मलूल पडतं, तेव्हा काय करतो आपण? बांधीत पाणी उभं करतो. मी परातीतले गोटे काढले, काठोकाठ पाणी भरलं आणि कुंडी त्यात उभी केली. आणि समाधानानं ड्यूटीवर गेले.

तिसऱ्या दिवशी खालची पानं पिवळी पडली. चौथ्या दिवशी दांड्या धरल्या की बोटात यायच्या, काळ्या, गिळगिळीत, वास मारणाऱ्या. मी कुंडी उचलून बाहेर काढली, पण आता काय!

सकाळी सातला फोन. "काय म्हणते?" मी म्हटलं, मजेत. दुसऱ्या दिवशीही म्हटलं, मजेत. खरं सांगते, आयुष्यात कुठलंच खोटं मला इतकं जड गेलं नाही. सांगितलं तर हा माणूस मिळेल त्या गाडीनं परत येणार, आत्ता कुठे लेकीशी बोलायला लागलेला, नात अजून पंधरा दिवसांची नाही. नाही सांगितलं तर घरी येऊन रिकामी कुंडी बघणार. बाहेरून येताना ती पाटी दिसायची, तिच्यावर त्यांचं वाक्य आणि खाली माझं 'कळले'. तिसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर उभी राहिले आणि मला त्या धुऱ्यावरच्या बाईची आठवण झाली. कडपा भिजल्यावर कोणी येऊन सांगितलं असतं, तर तिला त्याचा काय उपयोग होता?

सातला फोन आला. त्यांना बोलूच दिलं नाही. "काका, नसवाली मरून राहिली. माझ्याच हातानं. तिले पाण्यात उभी केली मी, धानासारखी."

पलीकडे नात रडत होती.

"किती उरली?"

"दोन शेंडे हिरवे हायेत."

"कळलं," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी भिंतीला टेकून खाली बसले. आता रिझर्वेशन बघत असतील, लेक समजूत काढत असेल, सगळं माझ्यामुळे. दहा मिनिटांनी फोन वाजला. काका नहरेवरच्या आवाजात एकेक सांगायला लागले. नवीन ब्लेड घे. हिरव्या शेंड्याला जिथे पान फुटते त्या गाठीच्या खाली काप. खालची दोन पानं काढ. नदीची रेती धुऊन ओली कर, पिळल्यासारखी, पाणी दिसलं नाही पाहिजे. कपात भर, शेंडे खोव. पाण्याची बाटली अर्धी कापून वरून झाक, झाकण ढिलं ठेव. उजेडात ठेव, उन्हात नाही. मग दोन आठवडे हात लावू नको. मी दवाखान्याच्या कागदावर औषधासारखं लिहून घेतलं. सगळं झाल्यावर घाबरत विचारलं, तुम्ही कधी निघता?

"कायले निघू? तू हाय न तिथं." मग म्हणाले, "लोकं मेल्यावर सांगतेत, पोरी. तू मराच्या आधी सांगतलं."

दवाखान्यात त्या दिवशी माझे डोळे बघून सगळ्यांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं ऊन लागलं.

दोन शेंड्यांपैकी एक सडला. दुसऱ्याला मी सतरा दिवस हात लावला नाही, आणि हे मला माझ्या नर्सिंगच्या परीक्षेपेक्षा कठीण गेलं. अठराव्या दिवशी बाटली काढून हलकेच ओढून बघितलं तर रेतीनं त्याला धरून ठेवलं होतं. मी घरात एकटी होते, तरी मोठ्यानं बोलले, जमलं रे! काका पोळ्याला परत आले, लेक, जावई, नात सगळ्यांना घेऊन. सामान दारात ठेवून आधी घडवंचीखाली वाकले. पाचच पानं होती. कुंडी तळहातावर घेतली, डोळे मिटले आणि नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या लेकीला म्हणाले, हलकी झाली, दे. तिनं कान तुटलेल्या कपानं पाणी घातलं. बापानं मान हलवली. मी चहा टाकायला आत गेले.

या माणसानं मला काय दिलं ते मी रोज वॉर्डात वापरते. म्हातारी बाई असो की पहिलवान गडी, सुई टोचायच्या आधी मी सांगते, आजी, आता टोचते हं, जरासं दुखेल. पूर्वी बोलण्यात गुंतवून खटकन टोचायची आणि ती माझी हुशारी वाटायची. आता सांगते, त्यांचं 'हो' येईपर्यंत थांबते, मग टोचते. पेशंट हात ओढत नाही. आणि कोणाला सलाईन लावायचं, कोणाला नाही, ते डॉक्टर ठरवतात, पण हात हातात घेऊन बघायची सवय माझी आहे. त्यासाठी मला महिनाभर डोळे मिटून कुंडी धरावी लागली.

दोन वर्षांनी माझी बदली सानगडीला झाली. ऑर्डर हातात पडल्यावर मी तीन दिवस काकांना सांगितलंच नाही. धीरच होत नव्हता. मग एका सकाळी ड्यूटीवर जाताना पाटी पुसली आणि खडूनं लिहिलं, 'पुढच्या सोमवारी खोली सोडणार आहे. बदली झाली.' त्या पाटीवर वरच्या ओळीत मी लिहिलेलं ते पहिलंच.

संध्याकाळी परत आले तर दार बंद होतं, आणि पायरीवर, मी पहिल्या दिवशी बसले होते तिथेच, कागदी चहाचा ग्लास ठेवलेला होता. ग्लासात ओली रेती, रेतीत नसवालीचा एक शेंडा, वरून अर्धी कापलेली बाटली. ती आज सानगडीत माझ्या स्वयंपाकघरात आहे, माठाजवळ, आणि चांगली भरली आहे. काका आता अर्धं वर्ष पुण्याला असतात, सातचा फोन चालू आहे.

त्या संध्याकाळी मी ग्लास उचलला आणि पाटीकडे बघितलं. माझ्या ओळीखाली त्यांच्या नहरेवरच्या टपोऱ्या अक्षरात होतं, 'कळले.' आणि त्याच्या पुढे, इतक्या वर्षांत त्या पाटीवर कधी न आलेले दोन शब्द, जरा बारीक अक्षरात : 'वाईट वाटले.'